ब्राउझरच्या मेनूतला पर्याय गायब झालाय? शोधायचा कुठे, परत आणायचा कसा

रात्री फोन चार्जिंगला लावला, सकाळी ब्राउझर उघडला, तीन टिंबांवर बोट ठेवलं आणि भलताच मेनू समोर आला. मोठाले आयकॉन, गोल कोपरे, मध्ये ऐसपैस मोकळी जागा. आणि रोज लागणारी गोष्ट तेवढी नाही. कुणाचं ‘डेस्कटॉप साइट’ गेलेलं असतं, कुणाचं ‘पेजमध्ये शोधा’, कुणाचं ‘प्रिंट’. त्या जागी कुणी न मागितलेलं एखादं बटण चमकत असतं, हल्ली बहुतेक वेळा एआयचं.

तालुक्याच्या गावी माझं ई-सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, शिष्यवृत्तीचे फॉर्म, भरतीचे अर्ज अशी कामं. पूर्वी लोक कागदांची पिशवी घेऊन यायचे, आता फोन पुढे करतात: “दादा, अर्धा भरलाय, पुढे सरकतच नाहीये.” त्यामुळे एकाच ब्राउझरची नाना रूपं रोज बघायला मिळतात. मेनूत मोठा बदल आला की पुढे कितीतरी दिवस तोच प्रश्न येत राहतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

गायब झालेल्या पर्यायांपैकी बरेचसे काढलेले नसतात, सरकवलेले असतात. काही वेळा तर मेनू बदललेलाच नसतो, आपण दुसऱ्याच खिडकीत असतो. तेव्हा ब्राउझर उडवण्याआधी खालच्या क्रमाने बघा. क्रम मोडू नका, कारण शेवटाकडचे उपाय अंगाशी येऊ शकतात.

आधी खात्री करा: तुम्ही खरंच ब्राउझरमध्ये आहात का?

माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्यांचं काम इथेच होतं. मेलमधली, बातम्यांच्या ॲपमधली किंवा समाजमाध्यमावरची लिंक दाबली की पान उघडतं खरं, पण ते ब्राउझरच्या पूर्ण खिडकीत उघडेलच असं नाही. अँड्रॉइडवर ‘कस्टम टॅब’ नावाची सोय आहे. ॲप स्वतःच्याच वर ब्राउझरची एक छोटी खिडकी उघडतं. दिसायला ब्राउझरच, पण वर डावीकडे फुलीचं चिन्ह असतं, पत्त्यावर टॅप केलं तरी नवा पत्ता लिहिता येत नाही, आणि मेनूत ‘नवीन टॅब’, ‘बुकमार्क’, ‘इतिहास’, ‘सेटिंग्ज’ यांचा पत्ता नसतो. त्या मेनूत तळाशी ‘क्रोममध्ये उघडा’ किंवा ‘ब्राउझरमध्ये उघडा’ अशी ओळ असते. ती दाबा. तेच पान पूर्ण ब्राउझरमध्ये येतं आणि हरवलेला मेनू जिथल्या तिथे असतो.

फेसबुक, इन्स्टाग्राम यांची स्वतःची आतली खिडकी असते, तिचा मेनू याहून आखूड. तिथे अर्ज भरायला बसूच नका. फाइल जोडायचं बटण दाबलं तरी काही होत नाही, ओटीपी बघायला बाहेर जाऊन परत आलं की पान कोरं, असे प्रकार मी तिथेच जास्त बघतो. लिंक कॉपी करा, ब्राउझरमध्ये चिकटवा, मग कामाला लागा.

तिसरा प्रकार होम स्क्रीनवर ठेवलेल्या साइटचा. काही साइट होम स्क्रीनवर जोडल्या की ॲपसारख्या उघडतात, पत्त्याची पट्टी नाही, टॅब नाहीत. तिथेही मेनू कापलेला असणारच. आणि पीडीएफ उघडलेली असेल तर ती कित्येकदा दुसऱ्याच ॲपमध्ये उघडलेली असते. तुम्ही बघताय तो मेनू ब्राउझरचा नसतोच.

एक अगदी साधी गोष्ट राहते. कोऱ्या नव्या टॅबवर मेनू उघडला तर ‘पेजमध्ये शोधा’, ‘शेअर करा’, ‘डेस्कटॉप साइट’ हे पर्याय दिसत नाहीत. शोधायला पानच नाही, तर दिसतील कसे? एखादं पान उघडा आणि मग मेनू बघा.

अक्षर मोठं केलेलं आहे का?

साठीच्या पुढच्या मंडळींसाठी हा भाग. एक काका आले, म्हणाले सेटिंग्जच काढून टाकल्यात. फोनचं अक्षर त्यांनी सगळ्यात मोठं करून घेतलेलं. मेनू उघडला तर शेवटची दिसणारी ओळ ‘डाउनलोड’, तिच्याखाली व्यवस्थित कड. सरकपट्टी नाही, बाण नाही, खाली अजून काही आहे याची कसलीच खूण नाही. त्याच मेनूवर बोट ठेवून वर ढकललं तर खालून आणखी ओळी आल्या आणि सगळ्यात शेवटी सेटिंग्ज. नव्या मांडणीत ओळींमधलं अंतर वाढवतात, त्यामुळे आधी एका पडद्यात मावणारा मेनू आता मावत नाही. ओळ नेमकी कडेवर संपली तर माणसाला वाटतं, संपलं इथेच. फोन आडवा धरला असेल तर आणखीच कमी दिसतं.

तेव्हा मेनू उघडा आणि आधी तो वर सरकवून बघा. अक्षर लहान करायची गरज नाही.

सरकवलेला पर्याय कुठे सापडतो

शेअरच्या पडद्यापासून सुरुवात करा. प्रिंट, पीडीएफ म्हणून जतन, क्यूआर कोड, लांबलचक स्क्रीनशॉट, लिंक दुसऱ्या उपकरणावर पाठवणं, ही सगळी मंडळी अलीकडे मेनूतून उठून शेअरमध्ये जाऊन बसली आहेत. क्रोममध्ये ‘प्रिंट’ तिथेच आहे. पण शेअरचा पडदा उघडला की आधी नजरेत भरतात ते व्हॉट्सॲपचे गट आणि ओळखीचे चेहरे. ब्राउझरची स्वतःची कामं दुसऱ्या एका अरुंद ओळीत असतात, आणि ती ओळ आडवी सरकते. पहिली तीन-चार चिन्हं दिसतात, पुढचं अर्धं कापलेलं असतं, आणि ‘प्रिंट’ त्याच्याही पलीकडे. ओळ डावीकडे ढकला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं लोक इकडे पीडीएफ करायची वेगळी ॲप उतरवून घेतात, जाहिराती सोसतात, आणि फोनमध्ये सोय आधीपासून असते: प्रिंट दाबा, वरच्या यादीत प्रिंटरच्या जागी ‘पीडीएफ म्हणून सेव्ह करा’ निवडा, झालं.

आयफोनवर हेच शेअरचं पान खाली सरकवलं की शेवटी ‘कृती संपादित करा’ असा पर्याय मिळतो. तिथे लागणाऱ्या गोष्टी वर आणून ठेवता येतात. एकदा पाच मिनिटं घालवा, पुढे रोजचा शोध वाचतो.

मेनूच्या डोक्यावरची चिन्हं कुणी वाचत नाही, कारण त्यांवर अक्षरं नसतात. क्रोमच्या मेनूत सगळ्यात वर बाण, तारा, डाउनलोडचं चिन्ह, गोलातला ‘आय’ आणि गोल फिरणारा बाण अशी ओळ आहे. तारा म्हणजे बुकमार्क. खाली जाणारा बाण म्हणजे हे पान फोनमध्ये साठवा, नेट नसतानाही वाचता येईल. आमच्याकडे शनिवारी-रविवारी लाइट जाते, टॉवरही बसतो, तेव्हा हे चिन्ह किती कामाचं आहे ते कळतं. पण ‘ऑफलाइन सेव्ह’ असं कुठे लिहिलेलं नाही म्हणून लोक म्हणतात सोय काढली.

दाबून धरण्याच्या युक्त्या तर कुठल्याच पडद्यावर लिहिलेल्या नसतात. क्रोममध्ये टॅबांचा आकडा दाखवणारा चौकोन दाबून धरला की टॅब बंद करा, नवीन टॅब, नवीन इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणारा) टॅब असे पर्याय येतात. होम स्क्रीनवरचं क्रोमचं आयकॉन दाबून धरलं तरी नवीन टॅब थेट उघडतो. फोनला खाली तीन बटणांची जुनी पद्धत असेल तर मागे जायचं बटण दाबून धरा, त्या टॅबमध्ये आधी बघितलेल्या पानांची यादी येते. अलीकडे पत्त्याची पट्टी दाबून धरली की ती वर हवी की खाली हेही विचारलं जातं. पट्टी खाली गेली म्हणून हैराण झालेल्यांनी हे आधी करून बघावं. सफारीत टॅबांचं चिन्ह दाबून धरलं की सगळे टॅब एका फटक्यात बंद करता येतात.

फायरफॉक्सच्या नव्या मेनूत काही पर्याय ‘अधिक’ या ओळीखाली दुमडून ठेवलेले आहेत. ती दाबली की मेनू तिथल्या तिथे उलगडतो.

आता ‘डेस्कटॉप साइट’. आमच्या धंद्यात हा प्राण आहे. शिष्यवृत्तीच्या एका फॉर्मवर गुणपत्रिकेचा तक्ता इतका रुंद होता की ‘जतन करा’चं बटण फोनच्या उजव्या कडेबाहेर गेलेलं. मुलगी दोन दिवस त्या पानाशी झटत होती. डेस्कटॉप साइट सुरू केली, पान बारीक झालं, बटण दिसलं, दोन मिनिटांत फॉर्म गेला. क्रोमच्या मेनूत ही चौकट दिसत नसेल तर सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग डेस्कटॉप साइट असं जा. तिथे सगळ्या साइटसाठी ती कायमची चालू करता येते, किंवा ठरावीक पत्तेच यादीत घालता येतात. मी दुसरा मार्ग सुचवेन. सरसकट चालू केलं तर बातम्यांचं पानही मुंगीएवढ्या अक्षरात येतं. हा पर्याय करतो काय, तर साइटला सांगतो की मी संगणक आहे, आणि पान जास्त रुंदीवर मांडतो. काही साइट तरीही फोनचंच पान पाठवतात. तो मेनूचा दोष नाही, तिथे फोन आडवा धरणं हाच उपाय.

‘पेजमध्ये शोधा’ बद्दल जरा जास्त लिहितो, कारण निवड यादीत आपलं नाव शोधणारे रोज येतात. आयफोनच्या सफारीत यासाठी मेनू लागतही नाही. पत्त्याच्या पट्टीत शब्द लिहा, ‘गो’ न दाबता खाली येणारी यादी शेवटपर्यंत सरकवा, तिथे ‘या पेजवर’ असं दिसतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो मेनूतच आहे, फक्त खाली गेलाय. पण पर्याय सापडूनही शब्द सापडत नाही अशी तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. मराठीत ‘बँक’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात चंद्रबिंदूचं एकच चिन्ह, दुसऱ्यात अर्धचंद्र आणि त्यावर वेगळा अनुस्वार. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. पानावर एक आणि तुमच्या कीबोर्डवर दुसरा असेल तर निकाल शून्य. सोलापूर आणि सोलापुर यांचंही तेच. म्हणून शोधताना शब्दाचा भांडण नसलेला तुकडा घाला: नुसतं ‘सोला’, किंवा आडनावाची पहिली दोन अक्षरं. स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफमध्ये मात्र काहीच सापडणार नाही. ते चित्र आहे, मजकूर नव्हे. तिथे डोळेच चालवायचे.

भावाच्या फोनवर आहे, माझ्याच फोनवर नाही

हा प्रश्न फार येतो, तोही रागाने. दोघांचा ब्राउझर तोच, आवृत्तीचा आकडाही तोच, तरी मेनू वेगळा. यामागे दोन कारणं असतात. प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती एकदम सगळ्यांना जात नाही, थोड्याथोड्या फोनांवर सोडली जाते. आणि आवृत्ती तीच असली तरी नवा मेनू आत आधीच भरलेला असतो, तो कुणाला दाखवायचा हे कंपनी आपल्या सर्व्हरवरून ठरवते. काही जणांना नवा, काहींना जुना, आणि कोण काय दाबतं याची नोंद. तुम्ही काहीही केलेलं नसताना मेनू बदलतो, आणि कधीकधी आपोआप जुनाही होतो, तो याचमुळे.

अशा वेळी एक निरुपद्रवी उपाय करून बघा. अलीकडच्या ॲपांच्या यादीतून ब्राउझर पूर्ण बंद करा, उघडा, मिनिटभर राहू द्या, पुन्हा बंद करून उघडा. सर्व्हरकडून आलेली नवी सूचना बहुधा पुढच्या वेळी उघडल्यावर लागू होते, म्हणून दोनदा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधल्या डेटा संकलनाच्या भागात ‘अभ्यास’ चालवू द्यायचे की नाही हे ठरवता येतं. प्रयोगात सामील व्हायचं नसेल तर ते बंद करा.

पण यात एक गोम आहे. कोण काय वापरतं हे या नोंदींवरून ठरतं, आणि ज्यांनी नोंद पाठवणं बंद केलंय त्यांची बोटं मोजलीच जात नाहीत. बारीकसारीक सोयी वापरणारी, सेटिंग्ज खणून काढणारी माणसं नेमकी हीच. शिवाय महिन्यातून एकदाच लागणारं ‘प्रिंट’ आणि दिवसातून वीसदा दाबलं जाणारं ‘नवीन टॅब’ यांना एकाच तराजूत घातलं तर प्रिंट हरणारच. माझ्या मते बहुतेक मेनू इथेच बिघडतात. कितीदा लागतं ते मोजलं जातं, नसल्याने किती अडतं ते मोजलं जात नाही.

जुना मेनू परत आणता येतो का?

कधीकधी. आयफोनवर सरळ सेटिंग आहे. २०२५च्या आयओएस २६मध्ये सफारीने टॅबांचं बटण तीन टिंबांच्या आत ढकललं आणि खूप जणांना वाटलं की टॅब गेलेच. सेटिंग्ज, ॲप्स, सफारी इथे जाऊन टॅबच्या भागात ‘कॉम्पॅक्ट’ऐवजी ‘बॉटम’ किंवा ‘टॉप’ निवडलं की ओळखीची पट्टी परत येते. कॉम्पॅक्टच ठेवायचं असेल तर पत्त्याच्या पट्टीवरून बोट वर ओढा, सगळे टॅब समोर येतात.

सॅमसंगच्या फोनवर आधीपासून येणारा सॅमसंग इंटरनेट हा ब्राउझर या बाबतीत सगळ्यांत समजूतदार आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये मांडणी आणि मेनूचा वेगळा भाग आहे. मेनूत काय हवं, खालच्या पट्टीवर काय हवं, ते बोटाने ओढून लावता येतं. नको ते बाहेर, हवं ते आत. मेनूच्या बदलाने खरंच वैतागला असाल तर दुसरं काही शोधण्याआधी हा वापरून बघा. सॅमसंगचा फोन नसला तरी प्ले स्टोअरवरून बऱ्याच फोनांवर बसतो.

फायरफॉक्समध्ये पट्टी वर की खाली एवढं सेटिंग्जमधल्या ‘सानुकूल करा’त बदलता येतं. क्रोममध्ये पट्टीवरचं एक शॉर्टकट बटण निवडता येतं: नवीन टॅब, शेअर किंवा आवाजाने शोध. शेअर निवडलं तर प्रिंटपर्यंतचा रस्ता एका टप्प्याने कमी होतो.

क्रोममधला फ्लॅगचा रस्ता बऱ्याच जणांनी कुठेतरी पाहिलेला असतो. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि फ्लॅग्ज असं लिहिलं की प्रयोगांचं एक लांबलचक पान उघडतं. फ्लॅग म्हणजे एकेक प्रयोग चालू-बंद करायची कळ. तिथे नव्या मेनूचा फ्लॅग सापडला आणि ‘डिसेबल्ड’ केला तर जुना मेनू येतो. पण या फ्लॅगना मुदत असते. ठरलेली आवृत्ती आली की फ्लॅगच काढला जातो. २०२१मध्ये क्रोमने अँड्रॉइडवर टॅबांची एकाखाली एक पत्त्यांसारखी मांडणी काढून चौकटींची आणली, तेव्हा लोकांनी फ्लॅग बंद करून काही काळ जुनी मांडणी टिकवली. पुढच्या आवृत्त्यांत ते फ्लॅग एकेक करून निकामी झाले. तेव्हा हा उपाय सवय होईपर्यंतची मुदत मिळवण्यापुरता. आणि दुसऱ्याच्या फोनवर, विशेषतः आईवडिलांच्या, फ्लॅग बदलून ठेवू नका. पुढे काही बिघडलं तर कुणाला आठवणार? चुकून भलतंच बदललं गेलं तर त्याच पानावर वर ‘रिसेट ऑल’ आहे.

हे दोन उपाय करू नका

पहिला म्हणजे ‘डेटा साफ करा’. व्हिडिओत सर्रास सांगतात: ॲपच्या माहितीत जा, कॅशे आणि स्टोरेज साफ करा, सगळं नीट होईल. जखम मांडीला, मलम शेंडीला. कॅशे म्हणजे पानं पटकन उघडावीत म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइल. मेनू कॅशेत नसतो, तो ॲपच्या आत असतो. कॅशे साफ केल्याने मेनूला काही होत नाही. स्टोरेज साफ केलं तर मात्र उघडे टॅब, लॉगिन, साठवलेली पानं सगळं जातं, आणि खात्याशी सिंक केलेलं (म्हणजे खात्यात प्रत ठेवलेली) नसेल तर बुकमार्क आणि पासवर्डही. मेनू मात्र नवाच्या नवाच.

दुसरा उपाय बाहेरून जुनी आवृत्ती आणून बसवण्याचा. अँड्रॉइड नव्या आवृत्तीवर जुनी बसवूच देत नाही, ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ असं सांगतो. मग लोक आधीचं काढून टाकतात, म्हणजे वरचं सगळं नुकसान आलंच. क्रोम फोनसोबतच आलेला असेल तर तो पूर्ण निघतही नाही, फक्त कारखान्यातल्या आवृत्तीवर जातो, आणि ती कधीकधी फार जुनी असते. हा आगीतून फुफाट्यात पडण्याचा प्रकार आहे. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी प्रकारच्या चित्रांच्या फाइल वाचणाऱ्या एका सामाईक लायब्ररीत (अनेक ॲप वापरतात अशा तयार कोडमध्ये) गंभीर दोष सापडला. क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांना घाईने दुरुस्ती सोडावी लागली, कारण त्या दोषाचा गैरवापर सुरू झालेला होता. नुसतं चित्र उघडून फोन धोक्यात येऊ शकतो तिथे जुन्या ब्राउझरवर बँकेचं पान उघडायचं? मेनूसाठी तरी नको.

प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावरच्या तीन टिंबांतून आपोआप अपडेट बंद करता येतं, पण तेही मी टाळतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नवा मेनू एकाच गाडीने येतात, त्यांची वेगळी तिकिटं नसतात.

खरोखरच काढून टाकलं असेल तर

असंही होतं. क्रोमचा ‘लाइट मोड’, आधीचा डेटा सेव्हर, मार्च २०२२मध्ये शंभराव्या आवृत्तीसोबत बंद झाला. तो कुठल्याही मेनूत, कुठल्याही फ्लॅगमध्ये आता सापडणार नाही. ज्यांना डेटा वाचवायचाय त्यांच्यासाठी ऑपेरा मिनी आजही आहे. साध्या बटणांच्या जावा फोनवर आपल्यापैकी किती तरी जणांनी नेट पहिल्यांदा बघितलं ते त्यातच.

फायरफॉक्सने ऑगस्ट २०२०मध्ये अँड्रॉइडवरचा ब्राउझर मुळापासून नव्याने बांधून आणला तेव्हा बहुतेक ॲडऑन (ब्राउझरला जोडायच्या छोट्या जादा सोयी) एका रात्रीत बंद पडली, मोजकीच उरली. लोक चिडले, एक तारा देऊन निघून गेले. डिसेंबर २०२३मध्ये ॲडऑनचं दार पुन्हा उघडलं आणि आता शेकडो चालतात. तेव्हा गेलेलं परत येतं, पण तीन वर्षं थांबायची तयारी हवी. आज मेनूतून गेलेली काही कामं, म्हणजे पान काळं करणं, जाहिराती अडवणं, भाषांतर, ही ॲडऑनने भरून काढता येतात. त्यासाठी अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स चांगला पर्याय आहे.

ब्राउझर बदलायचाच ठरवलं तर नवा निवडताना त्याच्यामागे कोण आहे ते बघा. अँड्रॉइडवर क्रोमची ॲडऑन चालवता येतात म्हणून कित्येक जण किवी ब्राउझरवर गेले होते. २०२५च्या सुरुवातीला त्याचं काम थांबवल्याचं जाहीर झालं, म्हणजे पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या नाहीत. यूसी ब्राउझरचा मेनू सोयींनी खच्चून भरलेला होता, पण २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांत तो होता. तो अजून कुठूनतरी मिळवून वापरणारे आमच्या भागात आहेत. कृपा करून काढून टाका.

जुना ब्राउझर लगेच काढू नका. आधी सिंक चालू करून बुकमार्क आणि पासवर्ड खात्यात गेलेत का ते दुसऱ्या उपकरणावर तपासा. साठवलेली ऑफलाइन पानं सिंकमध्ये जात नाहीत, ती शेअरमधून पीडीएफ करून ठेवा. मग महिनाभर दोन्ही ब्राउझर राहू द्यात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये नवा ब्राउझर निवडला की बाहेरच्या लिंक त्याच्यात उघडू लागतात. मीसुद्धा सध्या दोन ठेवलेत: एक वाचायला, एक फॉर्म भरायला.

तक्रार करायची असेल तर

‘घाणेरडं अपडेट, जुनं परत द्या’ अशी एका ताऱ्याची ओळ हजारांत हरवते. पुढे सरकते ती तक्रार अशी: फोनचं मॉडेल, ब्राउझरची आवृत्ती, अक्षराचा आकार, आधी किती टॅपमध्ये काम व्हायचं आणि आता किती, आणि ते काम काय आहे. “फॉर्म भरताना डेस्कटॉप साइट दिवसातून कितीतरी वेळा चालू-बंद करावी लागते, आता त्यासाठी मेनू उघडून खाली सरकवावं लागतं” असं लिहा. क्रोममध्ये मेनूतल्या ‘मदत आणि फीडबॅक’मधून स्क्रीनशॉटसह पाठवता येतं. पाठवण्याआधी स्क्रीनशॉटवर आधार क्रमांक, खातं नंबर दिसत नाही ना, ते बघा. फायरफॉक्ससाठी ‘मोझिला कनेक्ट’ ही त्यांचीच जागा आहे. तिथे तुमच्यासारखी मागणी आधीच असेल तर नवी न लिहिता तिलाच मत द्या.

बीटा, म्हणजे सगळ्यांच्या आधी येणारी चाचणीची आवृत्ती, वापरणाऱ्यांचं म्हणणं जास्त ऐकलं जातं, कारण तेव्हा बदल अजून पक्का झालेला नसतो. २०२१मध्ये आयओएस १५च्या चाचणी आवृत्त्यांत सफारीचं पान ताजं करायचं बटण तीन टिंबांच्या मेनूत लपवलं होतं. टीकेचा भडिमार झाला, आणि सप्टेंबरमध्ये आयओएस १५ सगळ्यांसाठी आलं तेव्हा ते बटण पट्टीवर परत आलेलं होतं, शिवाय पत्त्याची पट्टी वर ठेवायची सोयही मिळाली. घरात एखादा जुना, नुसता पडलेला फोन असेल तर त्यावर तुमच्या ब्राउझरची बीटा टाकून ठेवा. मेनू बदलणार असेल तर तिथे तो आधी दिसतो, आणि तक्रार तेव्हाच करता येते.